झोपलेल्या आरोपीला शिक्षा!

पहाटेचे साडेपाच. आरोपी सहा वर्षांचा. पुरावा ओली गादी. फिर्यादी आई, न्यायाधीश बाप, साक्षीला खिदळणारी भावंडे. निकाल आधीच ठरलेला: पाठीत दोन धपाटे, ‘घोडा झालास तरी लाज नाही’, आणि वर ‘मुतऱ्या’ ही पदवी. कुठे ती गादी सगळ्या चाळीला दिसेल अशी गॅलरीत वाळत पडते, कुठे उलथने तापवून धाक घालतात. गुन्हा घडला तेव्हा आपण झोपेत होतो, एवढेच आरोपीला सांगायचे असते. ते सांगण्याची हिंमत सहा वर्षांच्या पोरात नसते आणि ऐकून घेण्याची अक्कल न्यायाधीशात नसते.

वैद्यकाने हा निकाल केव्हाच फिरवला आहे. इंटरनॅशनल चिल्ड्रन्स कॉन्टिनन्स सोसायटी ही मुलांच्या याच दुखण्याला वाहिलेली जागतिक संस्था. मूत्रविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट असे सगळे तिच्यात आहेत. इतक्या शहाण्या माणसांनी एकत्र येऊन आधी काय केले? शब्द घासूनपुसून घेतले. १९९८ मध्ये एकदा, २००६ मध्ये पुन्हा, २०१४ मध्ये आणखी एकदा. पाच वर्षे पुरी होईपर्यंत याला आजार म्हणायचेच नाही. रात्रीचे वेगळे, दिवसाचे वेगळे. कधीच कोरडे न राहिलेले मूल वेगळे आणि सहा महिने कोरडे राहून पुन्हा ओले करू लागलेले वेगळे. ज्याला हा शब्दांचा कीस वाटतो त्याने एवढेच ध्यानात घ्यावे, की त्या दुसऱ्या मुलाला तहान फार लागत असेल आणि वजन घटत असेल, तर तो मधुमेह असू शकतो. इकडे घरात धपाटा बसतो, तिकडे रक्तातली साखर चढत असते. आमच्या बोलीत या साऱ्या मुलांना मिळून एकच शब्द आहे, आणि तो शिवी आहे!

मग दोष कुणाचा? रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचा स्राव वाढतो; कित्येक मुलांत तो पुरेसा वाढत नाही, हे डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवले. काहींचे मूत्राशय रात्री थोडेच साठवते. त्याच्या मापाचे सूत्र सोपे आहे: वयात एक मिळवा आणि तीसने गुणा. सात वर्षांच्या मुलाचे २४० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर! आणि तो पेला भरल्याचा निरोप गाढ झोपेच्या दाराशीच अडतो. सात वर्षांच्या शंभर मुलांत पाच ते दहा जणांचे हे असे असते. दुखणे रक्तातूनही येते. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७, हे जुने आकडे डॉक्टर आजही सांगतात. तेव्हा हात उगारण्याआधी बापाने आजीला बाजूला घेऊन विचारावे. न्यायाधीशच मूळ आरोपी निघायचा!

उपाय काय करतो आम्ही? ताईत, अंगारा, मूठभर तीळ आणि ‘विस्तवाशी खेळलास ना, म्हणून झाले’ हे आजीचे निदान. ओल लागताच वाजणारा गजर अमेरिकेतल्या मावरर दांपत्याने १९३८ मध्येच वापरून दाखवला होता. दोन-तीन महिने चिकाटीने लावला तर साधारण तिघांतली दोघे कोरडी होतात. अट एकच, सुरुवातीला मुलाबरोबर आईबापांनीही उठायचे. मारायला पहाटे उठणारे घर गजराला मात्र उठत नाही! डेस्मोप्रेसिनची गोळीही आहे, पण ती घेतल्यावर रात्री पाणी आवरायचे, नाहीतर जिवावर बेतते. आणि या सगळ्याच्या आधी पोट साफ आहे का ते पाहायचे, कारण गच्च भरलेले आतडे मूत्राशयाला रेटते. ‘मोठा झाला की जाईल’ असे सांगून फी घेणारे डॉक्टर अर्धेच खरे बोलतात. दरवर्षी शंभरातली पंधरा मुले आपोआप बरी होतात. उरलेल्या पंच्याऐंशींनी वर्षभर काय करायचे?

शाळेबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावे लागते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे सांगितली. कित्येक ठिकाणी ती कागदावर आहेत, दाराला कडी नाही आणि नळाला पाणी नाही. सकाळपासून दाबून धरलेली मुलगी घरात शिरताच दप्तरासकट मोरीकडे धावते. दिवसा तिचे कपडे ओले झाले तर तिला हसणाऱ्या बाईंना तोच कायदा कुणी वाचून दाखवावा: कलम १७, मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई. निवासी शाळांच्या वसतिगृहांत ओली चादर सर्वांसमोर वाळत घालायला लावणे हा छळ नाही तर काय आहे? सरकारने प्रत्येक वसतिगृहाला दोन जादा चादरी, एक मेणकापड आणि अधीक्षकांना एका पानाची सूचना द्यावी. याला आयोग लागत नाही.

त्या चिल्ड्रन्स कॉन्टिनन्स सोसायटीने आणि युरोपातल्या बालमूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ पासून या दुखण्यासाठी एक जागतिक दिवस सुरू केला. तो आता मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी येतो. आमच्याकडे तेव्हा सुटी असते. मामाच्या ओटीवर एकाच सतरंजीवर आठ-दहा भावंडे रांगेने झोपतात. त्यांतले नऊ वर्षांचे एक पोर यंदाही गेलेले नाही. पोट दुखते म्हणाले. आईने फोनवर मामाला तेच सांगितले, आणि गॅलरीत जाऊन गादी उलटी केली.