आषाढात माउली, कार्तिकात कोयता

काटेवाडीचं नाव राज्यभर घेतलं जातं ते राजकारणामुळे. वारकऱ्याला विचाराल तर तो मेंढ्या सांगेल. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून इंदापूरच्या वाटेला लागते, तेव्हा काटेवाडीत परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळ आपला कळप पालखीभोवती पळवतात. पुढची मेंढी वळली की मागच्या न सांगता वळतात. बघायला तोबा गर्दी असते.

मला मात्र या वाटेवर दुसरंच काही बघायला आवडतं. कुठले कुठले दोन वारकरी समोरासमोर येतात, ‘रामकृष्ण हरी’ म्हणतात आणि दोघंही एकदमच वाकतात. कधी कधी टोपीला टोपी लागते. सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतो, आणि पोरगं ‘अहो बाबा, काय करता’ म्हणेपर्यंत म्हाताऱ्याचं काम झालेलं असतं. गाव कुठलं, नाव काय, ही चौकशी मागाहून. एरवी आपल्या साध्या राम रामातही कोणी आधी म्हणायचं याचा हिशेब असतो: वय बघायचं, पद बघायचं, जमीन बघायची आणि न बोलता जातही बघायची. वारीत तो हिशेब कोणी मांडत बसत नाही. बंदोबस्तावरचा पोलीस माउली, पाण्याचा टँकरवाला माउली. रस्त्यात गाडी आडवी लावणाऱ्यालाही ‘माउली, जरा बाजूला घ्या’ एवढंच.

आणि हे नुसतं तोंडदेखलं नसतं, त्यासाठी गावाच्या खिशाला चाट बसते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला. तेव्हापासून वाटेवरच्या गावांनी पाहुणचार अंगावर घेतलाय. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, कुठेही मुक्कामाला जा. ओट्यावर अनोळखी माणसं झोपलेली असतात, घरच्या न्हाणीघरात अनोळखी बायांच्या आंघोळी चाललेल्या असतात. कोणी फुकट दाढी करून देतं, कोणी चपलेचा अंगठा शिवून देतं. चार्जिंगच्या एका बोर्डावर दहा मोबाइल लोंबकळत असतात. ज्याच्या घरी वारकरी उतरला नाही, त्यालाच हळहळ वाटते.

तरीही भाबडं होऊन चालणार नाही. ज्याला भेटायला ही सगळी माणसं चालत होती, त्या विठोबाच्या देवळाचं दार दलितांना 1947 पर्यंत बंद होतं. साने गुरुजींना त्यासाठी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. वाटेवर माउली आणि दाराशी मज्जाव, हे आपण शतकानुशतकं शांतपणे चालवून घेतलं.

हवाई बेटांवरच्या लोकांची कहाणीही याच वळणाची आहे. त्यांचं ‘अलोहा’ आपल्याला सिनेमातून आणि सहलीच्या जाहिरातींतून माहीत, गळ्यात फुलांची माळ घालताना म्हणतात ते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या लेखी त्यात प्रेम, करुणा, आपलेपणा, एकमेकांचं देणं असं बरंच काही येतं. पिलाही पाकी या विदुषीने त्याची फोड करून दया, एकोपा, सौजन्य, नम्रता आणि धीर असे पाच गुण सांगितले. 1986 मध्ये हवाई राज्याने ते थेट कायद्यात घातले. सत्ता वापरताना अधिकाऱ्यांनी आणि न्यायाधीशांनी या वृत्तीचा विचार करावा, असं तो कायदा सुचवतो. 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बंदूक बाळगण्याच्या एका खटल्यात अलोहाचा दाखला दिलाही.

पण त्याच बेटांवर उसाचं राज्य होतं. 1893 मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत करणाऱ्यांत, उसात पैसा गुंतलेले गोरे व्यावसायिक पुढे होते. मळ्यांवर राबायला चीन, जपान, फिलिपिन्समधून माणसं आणली गेली. त्यांच्या गळ्यात नंबर कोरलेला धातूचा बिल्ला असे, त्याला ‘बांगो’ म्हणत. पगार त्या नंबरावर मिळायचा, आणि मुकादमाची हाकही बहुधा त्याच नंबराने. अलोहाच्या भूमीत उसातल्या माणसाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती.

हे वाचताना मला भवानीनगर आठवलं. काटेवाडीहून सणसरला जाताना पालखी छत्रपती साखर कारखान्याच्या परिसरातूनच जाते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस फोफावला, कारखाने उभे राहिले, माड्या चढल्या. कार्तिकात हंगामाचं वारं लागलं की बीडकडच्या टोळ्या ट्रकने, ट्रॅक्टरने येऊन उतरतात. इथला शेतकरी तेव्हा विचारतो, ‘किती कोयते आलेत?’ नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटाच आला तर अर्धा. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तोडायचं, आजारपणाने काम चुकलं की खाडा धरायचा. पहाटे अंधारात फडात जायचं, पोरं उसाच्या सरीत झोपवायची, रात्री ट्रॅक्टर आला की मोळ्या भरायला उठायचं. राहायला उघड्या रानात कोपी. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती व्हायलाच हवी होती. पण कोपीला नळ आणि दिवा दरवाढीतून येत नाही.

बीडहून आषाढात दिंड्या निघतात आणि कार्तिकात टोळ्याही निघतात. म्हणजे एकच माणूस एकाच वर्षात या मुलखाला दोनदा भेटू शकतो. टाळ घेऊन आला की त्याला घरातलं न्हाणीघर उघडं. कोयता घेऊन आला, तर त्याच्या बायकोने हंडाभर पाणी मागितल्यावर ‘मोटर बंद आहे’ हे उत्तर ठरलेलं. कारखाना, मुकादम, सरकार यांच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे आणि ते दाखवायलाही हवं. पण पाण्याचा नळ गावचा असतो, शाळाही गावचीच असते.

वारीची तयारी म्हणून दरवर्षी ग्रामपंचायती काय काय करतात, याची यादी ग्रामसेवकाच्या टेबलावर असतेच: टँकर, फिरती शौचालयं, दिवे, आरोग्य पथक. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या सरपंचांना माझी विनंती आहे. हीच यादी येत्या हंगामात पहिली टोळी उतरायच्या आधी पुन्हा काढा आणि तिच्यात एक ओळ वाढवा: कोप्यांवरच्या पोरांची नावं शाळेच्या पटावर. मासिक सभेत ठराव घ्यायला एवढं पुरे आहे.

— वाटसरू