गुन्हा नसल्याचा कागद

माझी भाची रियाधला एका रुग्णालयात नर्स आहे. तिला आणि तिच्या नवऱ्याला आता कॅनडात कायमचं राहायला जायचं आहे. एका रात्री तिचा फोन आला. "मामू, बाकी सगळे कागद झाले. फक्त यांचा पीसीसी अडकलाय. तुम्ही जरा ठाण्यात जाऊन बघता का?"

पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. कॅनडाचा नियम असा की वयाच्या अठरानंतर, गेल्या 10 वर्षांत ज्या ज्या देशात सलग 6 महिने किंवा त्याहून जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला द्यायचा. म्हणजे सौदीचाही आणि वर्ध्याचाही. तिच्यासोबत काम करणाऱ्या फिलिपिनो नर्सलाही हेच करावं लागलं. त्यांच्याकडे हा दाखला मनिलाची एनबीआय ही केंद्रीय तपास संस्था देते. वकिलातीत बोटांचे ठसे द्यायचे आणि अर्ज पाठवायचा. नावाशी मिळतंजुळतं नाव नोंदीत सापडलं तर त्याला तिथे 'हिट' म्हणतात. मग थांबायचं. तो माणूस तुम्ही नाही हे तपासून झालं की कागद मिळतो. भाचीच्या मैत्रिणीला हिट लागला होता, तरी तिचा कागद आधी आला.

आमच्या जावयाचं काय झालं होतं? कॉलेजात असताना गल्लीतल्या मारामारीत चार पोरांवर केस झाली. दोन्हीकडच्या बुजुर्गांनी बसून मिटवलं, कोर्टातही तडजोड नोंदली गेली, विषय संपला. घरात कुणाला ते आठवतही नव्हतं. पोलिसांच्या संगणकात मात्र गुन्हा 'प्रलंबित' होता. निकाल तिथपर्यंत पोहोचलाच नव्हता. मी ठाण्यात गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी नाव वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "हे लोक बाहेर कशाला जातात?" मी गप्प बसलो. काम अडलेल्या माणसाला स्वाभिमान घरी ठेवून यावं लागतं.

शेवटी कोर्टातून निकालाची प्रमाणित नक्कल काढली, अर्ज जोडला आणि दोन महिन्यांनी नोंद सुधारली. हे दोन महिने फुकट गेले नसते, पण ती नक्कल तेव्हाच काढून ठेवायला हवी होती. इथे मला आपल्याच लोकांशी थोडं भांडायचं आहे. समेट झाला की केस संपली असं आपण समजतो. जमातीत हात मिळवले म्हणजे सरकारी दप्तरात काही बदलत नाही. तीच गोष्ट नावाची. शाळेच्या दाखल्यावर शेख, आधारवर शैख, पासपोर्टवर बापाचं नाव पुढे आणि आडनाव गायब. मग एकाच नावाचे पाच जण एका ठाण्याच्या हद्दीत निघतात आणि कुणाची केस कुणाच्या नावावर दिसते याचा पत्ता लागत नाही.

दुसरा घोळ दाखल्यांचा. जिल्हा पोलीस देतात तो चारित्र्य पडताळणीचा दाखला इथल्या नोकरीसाठी असतो. परदेशासाठी लागतो तो पासपोर्ट कार्यालयाचा, आपल्यासाठी नागपूरचा, आणि त्याची सरकारी फी 500 रुपये आहे. कितीतरी पोरं एजंटला हजारो रुपये मोजून भलताच कागद घेऊन येतात. 28 सप्टेंबर 2022 पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही या दाखल्याचा अर्ज करता येतो. आखाती देशांकडून मागणी वाढली म्हणून ही सोय झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सौदीने भारतीयांना व्हिसासाठी या कागदाची अट माफ केली, तरी आमच्याकडचे काही एजंट पुढेही त्याचे पैसे घेत होते.

पण सगळा दोष आपल्यावर घेण्याचा भाबडेपणाही नको. 1967 च्या पासपोर्ट कायद्यात कलम 6(2)(एफ) आहे. फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसता एफआयआर किंवा चालू तपास म्हणजे प्रलंबित खटला नव्हे, कोर्टाने दखल घेतलेली असली पाहिजे, हे परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर 2019 मध्येच लेखी स्पष्ट केलं आहे. खटला चालू असला तरी त्या कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळण्याची वाट 1993 च्या अधिसूचनेने ठेवली आहे. ठाण्यात मात्र "नाव आहे, नाही होणार" एवढ्यावर माणसाला परत पाठवतात. प्रतिकूल शेरा मारायचा असेल तर गुन्हा क्रमांक आणि कोर्टातली सद्यस्थिती लिहून द्या, एवढंच मागणं आहे. लिहून दिलं तर त्याला उत्तर देता येतं. तोंडी नकाराला उत्तर नसतं, त्याला फक्त चहापाणी असतं.

आम्ही सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहतो, म्हणून एक जुनी गोष्ट आठवते. 1906 साली ट्रान्सवाल सरकारने प्रत्येक हिंदी माणसाला बोटांचे ठसे देऊन नोंदणीचा दाखला जवळ बाळगायला सांगितलं. ठसे तर गुन्हेगारांचे घेतात, हा लोकांचा राग होता. 11 सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या सभेत सेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून हा कायदा न मानण्याची कसम घेतली, आणि कसमेचा अर्थ किती जड आहे हे गांधीजींनी तिथेच लोकांना समजावलं. पुढे 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून जास्त दाखले कढईत टाकून जाळले गेले. आज आमची मुलं तोच कागद मिळावा म्हणून रांगेत उभी आहेत. त्यांना जाळायचा नाही, हवाच आहे. काळ बदलला, मी त्यांना नावं ठेवत नाही.

भाची आणि जावई आता कॅनडाच्या उत्तराची वाट पाहताहेत. मी मशिदीच्या कमिटीला एक कपाट मागितलंय. मोहल्ल्यातल्या जुन्या केसांच्या निकालांच्या नकला काढून त्यात ठेवायच्या आहेत. पहिल्या आठवड्यात सात जण आले. त्यातल्या तिघांना आपली केस कोणत्या कोर्टात होती हेही ठाऊक नव्हतं.