अल मनखूलहून : पाऊस बघायला बाराशे किलोमीटर



मागच्या अंकात आम्ही गुडघ्यांविषयी लिहिलं होतं. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, असा सल्लाही दिला होता. त्यावर लोदहून एका बाईंनी कळवलं की सल्ला ठीक आहे, पण तुम्ही स्वतः या वयात असा प्रवास करता का? तर बाई, केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही अल मनखूलहून गाडीने सलालाला पाऊस बघायला गेलो आणि धडधाकट परत आलो.

अल मनखूल म्हणजे बर दुबईतला आमचा भाग. ऑगस्टात इथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो. इमारतींच्या एसीचं पाणी डोक्यावर टपकतं, तोच काय तो आमचा पाऊस. १६ एप्रिल २०२४ ला मात्र आकाश फाटलं होतं. १९४९ पासून इथे नोंदी ठेवतात, तेव्हापासून एवढा पाऊस कधी झाला नव्हता. पण तो पाऊस नव्हे, संकट. आपल्याला हवा असतो तो कोकणातला, दिवसभर कौलांवर वाजणारा.

ही भूक आमची एकटीची नाही. आम्ही चौघी एकाच इस्पितळात नोकरी केलेल्या: रत्नागिरीच्या खाला, चिपळूणच्या वहिनी, वसईची सिस्टर आणि आम्ही. चौघींनी मिळून किती रात्रपाळ्या काढल्या त्याचा हिशेब नाही. वहिनींना वर्षानुवर्षं रजा मिळायची ती डिसेंबरात. गाव बघायला मिळायचं, पण धूळ आणि वाळलेलं गवतच. त्या म्हणाल्या, "एकदा हिरवं बघायचं गो, मग डोळ्यांचं ऑपरेशन करून घेते." खालांचा मुलगा म्हणाला, "चला, मी नेतो." सहावा आमचा नातू, वय वर्षे नऊ.

सलाला ओमानच्या दक्षिण टोकाला, दफार प्रांतात आहे. दुबईहून सुमारे बाराशे किलोमीटर. इस्रायली पासपोर्टावर ओमानला अजून जाता येत नाही, म्हणून तिकडच्या वाचकांच्या वाट्याचंही आम्हीच बघून आलो असं समजा.

तारखांवरून थोडी ओढाताण झाली. सगळ्यांना शुक्रवार-शनिवार फिरायचं होतं आणि आम्ही शब्बाथला गाडीत बसत नाही. शेवटी खालाच म्हणाल्या, "बाईंचा शनिवार सोडून आखा." मग गुरुवारी १४ तारखेला पहाटे चारला निघालो. गाडीच्या विम्याचा ओमानसाठीचा कागद काढला होता, व्हिसे घरबसल्या झाले होते. खालांनी आमच्यासाठी नवं कोरं पातेलं विकत घेतलं होतं, त्याचं लेबलही काढलं नव्हतं. "तुमचं तुम्ही उघडा," म्हणाल्या. आमच्या पिशवीत दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं आणि औषधांचा डबा. चौघींच्या मिळून गोळ्या मोजल्या तर एक छोटं केमिस्टचं दुकान निघालं असतं.

अल ऐनच्या पुढे सीमा ओलांडली, मग इब्री, आदम आणि तिथून हैमा. आदमच्या पुढे बघण्यासारखं काही नाही. सपाट वाळवंट, वारा आणि मधूनच उंट. या वाटेवर बरीच वर्षं समोरासमोरची वाहतूक होती आणि डुलकी लागून पुष्कळ अपघात झाले. आता रस्ता टप्प्याटप्प्याने दुहेरी होतो आहे. आम्ही एका दिवसात पोहोचण्याचा हट्ट केला नाही. हैमाला मुक्काम केला. सकाळी पंधरा ऑगस्ट. वहिनींनी न्याहारीच्या टेबलावर नातवाकडून राष्ट्रगीत म्हणून घेतलं आणि हॉटेलचा बंगाली पोरगा ट्रे हातात धरून ते संपेपर्यंत उभा राहिला.

थुमरैत गेलं तरी बाहेर भट्टीच. मग डोंगर चढायला लागलो. गाडीतला आकडा एकेचाळीसवरून छत्तीस, एकतीस, सत्तावीस असा उतरू लागला. नातू मोठ्याने वाचत होता. एका वळणावर काचेवर पाणी दिसलं. खालांच्या मुलाला वाटलं काच पुसायचं पाणी चुकून उडालं! पंखे लावले, पुसलं, पुन्हा आलं. पुढचं सगळं धुक्यात गडप आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवंगार गवत. वहिनींनी काच खाली केली आणि हात बाहेर काढला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

मुलांनो, हा पाऊस तुमच्या आजी-आजोबांचाच बरं का. जो नैर्ऋत्येचा वारा जूनमध्ये अलिबागला ढग आणतो, तोच या किनाऱ्याला घासून जातो. तो समुद्राचं वरचं पाणी दूर लोटतो, खालचं गार पाणी वर येतं, त्यावरून येणारी दमट हवा थंड होते आणि डोंगराला अडून तिचं धुकं होतं. म्हणून इथे धो धो पाऊस नाही, बारीक भुरभुर. सलाला शहरात वर्षाला शंभर-सव्वाशे मिलीमीटरच पडतो. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर! पण या भुरभुरीवर अख्खा डोंगर हिरवा होतो. झाडं धुकं पानांवर धरतात आणि थेंब थेंब मुळांना पाजतात. डोंगराच्या मागे लगेच वाळवंट.

इथले लोक या ऋतूला खरीफ म्हणतात. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू, आपल्याकडे खरीप म्हणजे पावसाळी पीक आणि इस्रायलमधली मुलं हिवाळ्याला जो 'होरेफ' म्हणतात तो याच शब्दाचा भाऊ. एकाच शब्दात तीन ऋतू. 'मान्सून' हाही अरबी 'मौसिम'वरून गेलेला.

शुक्रवारी संध्याकाळी खोलीत दिवे लावले. शनिवारी बाकीची मंडळी इत्तीनच्या डोंगरावर गेली. आम्ही गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर भुरभुर बघत बसलो. मागे केळी, नारळ, पपया. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत आम्ही शिकलो, पण सुट्टी रोह्याजवळच्या अष्टमीला मामांकडे. तेच परसू पुढ्यात आणून ठेवल्यासारखं वाटत होतं. इत्तीनला अयूब नबींची, म्हणजे आपल्या इय्योबची म्हणून मानलेली कबर आहे. खाला तिथे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या वतीनेही सलाम केला."

रविवारी धबधबे. ऐन अथूमला डोंगराच्या कुशीतून पाणी पडतं. धार बेताचीच होती, पण खाली निळसर हिरवं पाणी आणि वेलींचे पडदे. वादी दरबातचा मोठा कडा शंभरेक मीटरचा आहे. तो भरून वाहतो तो जोराचा पाऊस झाला तरच. आम्हाला बारीक धाराच दिसल्या. वर मात्र तळं, होड्या आणि रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या गाई. भुशी धरण बघितलेल्या वसईच्या सिस्टरने नाक मुरडलं. वहिनी गवतावर चपला काढून चालत होत्या, त्यांना धबधब्याशी देणंघेणं नव्हतं.

आता जे मुद्दाम लिहायचं ते सोमवारचं. सलालाच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर मुघसैल. किनाऱ्याच्या खडकाला भोकं आहेत. खाली लाट आदळली की भोकातून पाण्याचा फवारा उंच उडतो. भोकांवर जाळ्या आहेत आणि समुद्राच्या बाजूला कठडा. याच जागी १० जुलै २०२२ ला, ईदच्या सुट्टीत, कठडा ओलांडून खडकावर गेलेली आठ माणसं लाटेने ओढून नेली. तिघांना तेव्हाच वाचवता आलं. त्यात दुबईत राहणारं एक मराठी कुटुंब होतं. त्या आठवड्यात अल मनखूल-करामातल्या मराठी घरांत दुसरा विषय नव्हता. ती चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर फिरली. आम्ही ती बघितली नाही आणि तुम्हीही बघू नका.

म्हणून आम्ही नातवाचं मनगट धरून उभ्या होतो. शेजारी पाच-सहा मराठी पोरं, तीही दुबईहून आलेली. समुद्र दहा-पंधरा मिनिटं तसा शांत होता. त्यातला एक कठड्यावरून पलीकडे उतरला, पाठ समुद्राकडे केली आणि मित्राला म्हणाला, "काढ." वसईच्या सिस्टरने तीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली आहेत. तिने त्या आवाजात हाक मारली, ज्या आवाजाला मोठमोठे डॉक्टरही वळून बघायचे, "ए! आत ये! आत्ता!"

पोरगा रागावला. "आजी, एकच फोटो. आम्ही काय लहान आहोत?"

"लहान असतास तर उचलून आणला असता. ये!"

चार लोक बघायला लागले, तेव्हा लाजेने असेल, तो तोंड वाकडं करत आत आला. एक पाय कठड्यावर होता तेव्हाच ती आली. आधीच्या लाटांसारखी नव्हती. कठड्याच्या आत उभे होतो तरी कमरेपर्यंत भिजलो. नातवाचं मनगट आम्ही इतकं आवळलं की दोन दिवस वळ होता. पाणी ओसरलं तेव्हा पोरगा मित्रांच्या हातांत लोंबकळत होता आणि त्याची एक चप्पल नव्हती. तो थरथरत होता. सिस्टरने त्याला खाली बसवलं, नाडी बघितली, गरम चहा पाजला. रागाचा एक शब्द बोलली नाही. नंतर गाडीत मात्र ती रडली. एवढ्या वर्षांत तिला रडताना आम्ही दोनदाच बघितलंय.

अष्टमीचे मामा आम्हाला कुंडलिकेवर न्यायचे, तेव्हा म्हणायचे, "पावसाळ्यात नदीला पाठ दाखवायची नाही. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा आला, की भांडी तिथेच टाकून वर पळायचं." तुम्ही उभे असता तिथे पाऊस नसतो, पण वर डोंगरात पडून गेलेला असतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं अशीच वाहून गेली. पाणी वाढलं तेव्हा ती मधोमध उभी होती, एकमेकांना धरून. समुद्राचंही तसंच. लाटा सारख्या नसतात, मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि मधल्या शांततेला आपण फसतो.

नर्स म्हणून थोडं सांगून ठेवतो. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. बहुधा आवाजच येत नाही. त्याच्यामागे उडी घेऊ नका, त्यात दुसराही जातो. ओढणी, दोरी, रिकामी बंद बाटली, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. ओमानात मदतीचा नंबर ९९९९ आहे. आमच्या नातवाला तो तोंडपाठ आहे. जिथे जाल तिथला नंबर मुलांना आधी शिकवा, फोटोचं मागाहून बघू.

त्या किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी भेटला. खालांना अरबी चांगलं येतं. त्याने सांगितलं की खरीफमध्ये लहान होड्या वर ओढून ठेवतात, समुद्राच्या वाटेला जात नाहीत. आपल्याकडेही नारळी पौर्णिमेपर्यंत तेच ना? कोळ्यांना कळतं, ते फोटो काढायला आलेल्यांना कळत नाही.

परतताना रस्त्याकडेच्या टपऱ्यांवरून नारळ घेतले, रोश हशानाच्या चिकाच्या हलव्यासाठी. नारळाचं दूध कोकणातल्या नारळापेक्षा पातळ निघालं हे इथेच कबूल करतो, हलवा जमायला वेळ लागला. डोंगरामागे वादी दौकाला ऊदाची झाडं बघितली. तीच ती 'लेवोना', बेत हमिकदाशच्या धुपात पडणारी. अरबीत लुबान, आपल्याकडे लोबान. झाड खुरटं, वेडंवाकडं, आणि त्याला धुकं चालत नाही. म्हणून ते डोंगराच्या कोरड्या बाजूलाच वाढतं.

मंगळवारी रात्री उशिरा अल मनखूलला पोहोचलो. इमारतीच्या नातूरने, म्हणजे आमच्या वॉचमनने, गाडीवरचा चिखल बघून कपाळाला हात लावला आणि बादली आणायला निघाला. नातवाने त्याला चार दिवस गाडी धुऊ दिली नाही. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन सप्टेंबरात झालं, व्यवस्थित झालं. त्या पोराचा फोन अधूनमधून सिस्टरला येतो. 'आजी' म्हणतो.

लोदच्या बाईंना सांगायचं राहिलं. दर दोन तासांनी आम्ही खरोखर उतरलो. गुडघे तरी दुखलेच.