शिशाचा हिशेब

(प्रयोगशाळेच्या खिडकीतून)



गेल्या अंकात पापडखाराविषयी लिहिले, त्यावर दोन फोन आले. दोघांनीही एवढेच विचारले की पापडखार इथे मिळतो कुठे! या वेळचा विषय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आधीच सांगतो, यात चूक आमचीच आहे.

थंडी पडली की खाबुऱ्याच्या किनाऱ्यावर आपल्यातली बरीच मंडळी शुक्रवारी गळ टाकून बसतात. गळाच्या दोरीला वजन लागते ते शिशाचे. ते दगडात अडकते, तुटते आणि दर आठवड्याला नवे घ्यावे लागते. आमच्यासारख्या रसायनशास्त्राच्या माणसाला वाटले, विकत कशाला? शिसे ३२७ अंशांना वितळते, घरच्या गॅसवर सहज होईल.

साचा मिळाला शेजारच्या ओमानी आजोबांकडून. हिंदी-अरबीच्या मिश्रणात त्यांच्याशी आमच्या छान गप्पा होतात. त्यांच्या घरात वाडवडिलांची ‘अबू फतीला’, म्हणजे वातीने पेटवायची जुनी लांब बंदूक, भिंतीवर टांगलेली असते. तिच्याबरोबर आलेला गोळ्या ओतायचा साचा त्यांनी कपाटातून काढून दाखवला. दिसायला अडकित्त्यासारखा, दोन पाती मिटली की मध्ये गोल पोकळी. आजोबा म्हणाले, ज्या त्या बंदुकीचा साचा वेगळा. दुसऱ्याच्या साच्यातली गोळी आपल्या नळीत एक तर जात नाही, नाही तर खुळखुळते, आणि खुळखुळणारी गोळी नेमावर लागत नाही.

हे ऐकून आम्हाला कोकणातले आमचे आजोबा आठवले. त्यांच्याकडे शेतराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरत. तेव्हा आजोबा खळ्यात चूल मांडून गोळ्या ओतत. ओतून झाल्या की एकेक गोळी तळहातावर तोलायची, फरशीवर घरंगळवून बघायची. सरळ न जाता वाकडी गेली की पुन्हा पळीत. आम्हाला तो खेळ वाटे.

त्यात शास्त्र होते हे पुढे कळले. शिसे थिजताना आकसते. ओतणाऱ्याचा हात थबकला किंवा साचा थंड असला तर पोटात पोकळी राहते. पोकळी एका बाजूला असली की गोळीचा भार मध्यावर राहत नाही आणि हवेत ती भरकटते. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी वाटेल तशी गरगरत जाते आणि त्यामुळेच बाजूला वळते, हे बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवले होते. १८९८ साली जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके याने छऱ्यांच्या बंदुकीसाठी वेगळ्या घाटाची गोळी काढली. तिचा भार पुढे आणि मागे हलके शेपूट, म्हणजे बॅडमिंटनच्या फुलासारखी ती तोंड पुढे करूनच जाते. एकजिनसी गोळी आणि नळीत नीट बसणारा घाट, नेमाचे बरेचसे गुपित एवढेच.

‘बारा बोअर’ हा शब्दही शिशाच्याच हिशेबातून आला आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअरची. गणित करून बघा. ४५३.६ ग्रॅमचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४, म्हणून गोळीचा व्यास येतो साधारण साडेअठरा मिलिमीटर. बंदुकीच्या मापात शिशाचा इतका चोख हिशेब आहे. आम्ही मात्र दुसराच हिशेब विसरलो.

(एक खुलासा. बंदुकीच्या गोळ्या आणि काडतुसे हा परवान्याचा मामला आहे, इथेही आणि भारतातही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. हा लेख वाचून कोणी तो उद्योग करू नये. आम्ही ओतली ती फक्त गळाची वजने.)

तर आमचा कारखाना सुरू झाला. जागा स्वयंपाकघरामागची गच्ची, शेगडी सहलीची, पळी जुनी. शिसे वितळले की त्यावर राखाडी साय धरते. ती चमच्याने काढायची, बाजूला झटकायची आणि साच्यात धार सोडायची. थिजायच्या आत तारेचा आकडा बसवायचा. एका दुपारी तीस वजने झाली. पुढे महिन्यातून एकदा हा कार्यक्रम ठरूनच गेला. आमची चार वर्षांची लेक दाराशी बसून ‘चांदीचे लाडू’ मोजायची. धगीपाशी येऊ नये म्हणून आम्ही तिला दूर ठेवत होतो. काम संपले की केरसुणीने गच्ची झाडून तिला खेळायला मोकळी करून देत होतो. झाले नुकसान याच शेवटच्या वाक्यात आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला गेलो. लेकीचे पोट वरचेवर दुखत होते, भूक मंदावली होती. डॉक्टरांनी रक्त तपासले, हिमोग्लोबिन कमी निघाले. मग त्यांनी विचारले, “सुरमा लावता का? घरात रंगकाम झाले का? शिशाचे काही काम चालते का?” तिसऱ्या प्रश्नाला आम्ही गप्प झालो. रक्तातले शिसे तपासले, ते आले दर डेसिलिटरला ११ मायक्रोग्रॅम.

आता हा आकडा समजून घ्या. मुलाच्या रक्तात शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले की आकडा ५ किंवा त्याहून वर असेल तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे. चार वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण सव्वा लिटर रक्त असते. त्यात ५ च्या मात्रेने मिळून शिसे होते सुमारे ६० मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण घ्या, त्याचे वजन साधारण तेवढेच. ३७.८ ग्रॅमच्या एका गोळीत असे सहा लाखांहून जास्त कण मावतील. गोळीत ग्रॅमभर कमी-जास्त झाले तर नेम चुकतो म्हणून माणसे ती हातावर तोलतात. इथे हिशेब मिठाच्या कणाचा होता आणि आमच्याकडे काय, तर केरसुणी!

आमची समजूत अशी होती की धोका वाफेचा, आणि गच्ची तर उघडी आहे. वाफ आणि धूर असतोच, शिसे जितके तापवाल तितका जास्त. पण घरात मुक्काम करते ती राखाडी साय. ती शिशाच्या ऑक्साइडची असते, वाळून तिची भुकटी होते. केरसुणीने ती उडते, फटीत बसते, चपलेला लागते, कपड्यांबरोबर आत येते. मूल जमिनीवर खेळते आणि बोटे तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी दहावा भाग अंगी लागत असेल, तर लहान मुलाच्या बाबतीत तो निम्म्यापर्यंत जातो. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी. रक्तातले शिसे महिन्या-सव्वा महिन्यात निम्मे होते, पण हाडात शिरलेले वर्षानुवर्षे राहते आणि मेंदूचे नुकसान पुरते भरून येत नाही.

लेकीला या आकड्यावर औषध दिले नाही. डॉक्टर म्हणाले, घर स्वच्छ करा, लोह द्या, पुन्हा तपासा. खाबुऱ्याला परतल्यावर पळी, शेगडी आणि उरलेले शिसे घराबाहेर काढले. गच्ची ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली, साचा साबणाने धुऊन आजोबांना परत केला. चार महिन्यांनी आकडा ६ झाला, पुढच्या खेपेला ४. आता ती छान जेवते. तरीही तिचे शाळेतले प्रत्येक प्रगतिपुस्तक आम्ही जरा धाकधुकीनेच उघडू.

वाचकांना विनंती एवढीच:

१. गळाची वजने घरी ओतू नका. तयार घ्या, जमल्यास पोलादाची घ्या. ब्रिटनमध्ये राजहंस मरू लागले म्हणून १९८७ पासून गळाच्या लहान शिसे-वजनांवर बंदी आली. हंसांसाठी जे केले ते आपण मुलांसाठी करू.

२. तयार शिसेही दाताने चावून दोरीवर बसवू नका. हाताळले की साबणाने हात धुवा, मगच डबा उघडा.

३. आधी कोणी ओतले असेल तर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या वेळचे कपडे वेगळे धुवा.

४. घरात सहा वर्षांखालचे मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना सगळे सांगून रक्ताची तपासणी करून घ्या. लाजू नका. आम्ही लाजलो असतो तर कळलेच नसते.

जाता जाता एक आठवण. आजोबा गोळ्या खळ्यातच ओतत, घरच्या चुलीवर कधीच नाही. आजीचा दंडक होता की शिसे ओतलेल्या हातांनी माजघरात पाऊल टाकायचे नाही. आधी विहिरीवर अंघोळ, धोतर वेगळे धुवायचे, मग पान. आजी शाळेत गेली नव्हती. आम्ही तेव्हा तिला हसायचो, आणि पुढे डॉक्टरेट घेऊनही तिचा नियम पाळला नाही.

पुढच्या अंकात पाण्याच्या टाकीविषयी. प्रश्न असतील तर मंडळाच्या सभेत जरूर विचारा.