नुसत्या वायूने तारे होत नाहीत

आकाशगंगेच्या केंद्राविषयी दोन विधाने फार ठामपणे केली जातात. एक म्हणजे, तिथले कृष्णविवर सगळे गिळून टाकते, त्यामुळे तिथे तारे जन्मणे शक्यच नाही. दुसरे याच्या नेमके उलट: तिथे वायू अमाप, तेव्हा तारेही अमाप जन्मत असणार. माझ्या मते दोन्ही चूक आहेत, आणि दुसरे जास्त घातक आहे, कारण ते शास्त्रशुद्ध वाटते.

पहिल्याचे खंडन दुर्बिणींनीच केले आहे. मधल्या धुळीमुळे केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा जेमतेम लाख कोटीवा अंश आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी अवरक्त किरणांत तिथला ठाव घेतला. ४३ लाख सूर्यांइतक्या जड अशा त्या विवरापासून दीड प्रकाशवर्षाच्या आत प्रचंड, तप्त तारे सापडले. असे तारे फार जगत नाहीत. यांचे वय पन्नास-साठ लाख वर्षांच्या आसपास. त्यांतले बरेचसे एकाच चकतीत, एकाच दिशेने फिरतात. दूर कुठे जन्मून एवढ्या अल्पकाळात ते आत सरकले, हे मला पटत नाही. विवराभोवतीची वायूची चकती इतकी जड झाली की तिच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने विवराच्या ओढीवर मात केली आणि तिचे तुकडे पडून तारे झाले, हेच स्पष्टीकरण ग्राह्य वाटते.

आता दुसरे मत. केंद्राभोवतीच्या सुमारे दीड हजार प्रकाशवर्षे रुंद पट्ट्यात काही कोटी सूर्यांइतका रेणवीय वायू आहे, आणि तो दाटही आहे. सूर्याच्या परिसरात लागू पडणारा हिशेब इथे लावला, तर येतो त्या आकड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढेच तारे प्रत्यक्षात जन्मतात. 'वीट' या नावाने ओळखला जाणारा मेघ पाहा. वस्तुमान एक लाख सूर्यांचे, लांबी तीसएक प्रकाशवर्षे, आणि तारे जवळजवळ नाहीतच! आपल्या परिसरातले मेघ १० ते २० केल्विनचे असतात, तर इथला वायू ५० ते १०० केल्विनचा. चुंबकीय क्षेत्र प्रबळ. शिवाय केंद्राभोवती फिरताना वायूच्या थरांचे वेग वेगवेगळे असल्याने मेघ सतत पिळला जातो आणि त्यात गाठी धरत नाहीत.

त्याच पट्ट्यातल्या सॅजिटेरियस बी२ मेघात तारे जोमाने जन्मताहेत, असा आक्षेप येईल. तो मेघ विटेपेक्षा बराच जड आहे, हेही मान्य. पण तिथला वायू लहान, अतिदाट गाठींत गोळा झालेला आहे, विटेतला विखुरलेला आहे. निर्णायक फरक हा आहे.

दूरच्या दीर्घिकांत असे एकेक मेघ सुटे दिसत नाहीत, म्हणून वस्तुमानावरून ताऱ्यांचा जन्मदर काढण्याचा मोह होतो. आपल्याच केंद्रात जो हिशेब दहापट चुकतो, तो वायूचे तापमान आणि खळबळ न तपासता दुसऱ्या केंद्रांना लावू नये.