बाल्कनीतली बाग : बुरशीलाही ऊन लागतं

मंडळी, शारजात जूनमध्ये गाडीत विसरलेल्या चॉकलेटचं काय होतं ते आपण जाणतोच. तरी गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरला बाबांनी हुमणीसाठी आणलेली मेटारायझियमची पाकिटं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, तेव्हा फोनवर मला काही सुचलं नाही. ही बुरशी अळीच्या अंगात शिरून तिला मारते, पण बीजाणू जिवंत हवेत. 25 ते 30 अंशांत ती छान वाढते, 35 च्या पुढे बहुधा थांबते. उघड्यावर तर अतिनील किरणं काही तासांत बीजाणू मारतात. हुमणीनं निम्मा ऊस वाळवला. यंदा पाकिटं माजघरात होती. बाबांनी संध्याकाळी शेणखतात कालवून ओल्या मातीआड केली. आणि मी? जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांवर व्हर्टिसिलियम फवारलं, सकाळी दहाला! बाबांना सांगू नका.