राष्ट्रहित म्हटलं की प्रश्न संपत नाही

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवत आले. या विषयात मुलांना सगळ्यांत लवकर पटतो तो वास्तववाद. जगाच्या डोक्यावर सरकार नाही, पोलीस नाहीत, तेव्हा ज्यानं त्यानं आपल्या बळावर जगायचं आणि त्यासाठी ताकद जमवायची. हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये ही मांडणी केली, १९७९ मध्ये केनेथ वॉल्ट्झ यांनी ती आणखी काटेकोर केली. मुलं ती दोन ओळींत लिहून मोकळी होतात. टीव्हीवरचे तज्ज्ञही "शेवटी प्रत्येक देश आपलं हित बघतो" इथवर येतात आणि थांबतात. माझा आक्षेप या थांबण्याला आहे.

वर्गात मी १९७१ घेते, कारण ते आपल्या घरातलं आहे. त्या डिसेंबरात मुंबईत आमच्या चाळीच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले होते आणि भोंगा झाला की आई दिवा मालवायची. त्याआधी नोव्हेंबरपासून टपालाच्या पाकिटावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागत होतं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली होती.

वास्तववाद इथं चांगला चालतो, हे आधी मान्य करते. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली, तरी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्याविरुद्ध बोलले नाहीत. चीनकडे जाण्याची त्यांची वाट पाकिस्तानातून होती. जुलैत किसिंजर तिथूनच गुपचूप बीजिंगला गेले. भारतानं ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा करार केला. डिसेंबरात अमेरिकेची 'एंटरप्राइज' विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, आणि सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार आपल्या बाजूनं उभा राहिला. सत्तासंतुलनाचं पाठ्यपुस्तकात छापावं असं उदाहरण.

पण मग आर्चर ब्लड यांना कुठं बसवायचं? ते ढाक्यातले अमेरिकेचे महावाणिज्यदूत. ६ एप्रिलला ढाक्यातल्या वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या धोरणाचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली, आणि ब्लड यांनी तिला पाठिंबा दिला. पुढं त्यांना तिथून हलवण्यात आलं. जुलैत बाल्टिमोरच्या बंदरात 'पद्मा' हे पाकिस्तानी जहाज येत होतं, तेव्हा काही नागरिक छोट्या होड्या घेऊन त्याच्या वाटेत आडवे गेले. सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये निर्वासितांच्या छावण्या बघून गेले. पाकिस्तानला शस्त्रं देण्यावर बंदी होती, म्हणून व्हाइट हाउसला जॉर्डनमार्फत विमानं पोचवण्याचा चोरटा मार्ग धरावा लागला. देश म्हणजे कॅरमच्या सोंगट्या असं धरलं, तर यातलं काहीच दिसत नाही. सोंगटीच्या आत भांडण चालू नसतं. अमेरिकेच्या आत ते चालू होतं, आणि सरकारचे हात त्यानं काही प्रमाणात बांधले.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही. ७ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव केला. बाजूनं १०४ मतं, विरोधात ११. त्या अकरांत आपण होतो. अलिप्ततावादी चळवळीतल्या आपल्या अनेक मित्रांनीही ठरावाच्या बाजूनं मत दिलं. आफ्रिकेतल्या एखाद्या छोट्या देशाला पाकिस्तानकडून काय मिळणार होतं? ताकदीच्या हिशेबात याचं पुरेसं उत्तर नाही. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राचं युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांना आपल्या सीमा मोडल्या जाण्याची भीती होती, आणि एकसंध राष्ट्राचे तुकडे बाहेरून कुणी करू नयेत हा नियम त्यांना जिवापाड जपायचा होता. अलेक्झांडर वेंट यांच्यासारखे रचनावादी सांगतात ते हेच: देश कशाला धोका मानतात नि कशाला हक्क, हे त्यांच्या कल्पनांवर ठरतं, आणि त्या कल्पनाही शस्त्रांइतक्याच खऱ्या असतात. त्या दिवशी ती कल्पना एक कोटी निर्वासितांच्या विरोधात गेली. नियम म्हणजे नेहमी न्याय, असं मानणाऱ्या भाबड्या उदारमतवादालाही १९७१ म्हणूनच पुरून उरतं.

भारताचं वागणंही एका सूत्रात मावत नाही. पाकिस्तान दुबळा व्हावा ही इच्छा होती, निर्वासितांचा भार असह्य होता आणि माणसं मारली जात असल्याचा खरा संतापही होता. यातलं एकच कारण खरं, बाकीचे मुखवटे, असं म्हणणाऱ्याला मी गुण देत नाही. मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परतलं, हेही त्याच हिशेबात धरावं लागतं.

राष्ट्रहिताच्या नावानं कठोरपणाचं कौतुक करणाऱ्यांनी वास्तववादी मंडळी स्वतः कशी वागली तेही बघावं. मॉर्गेन्थाऊ व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात जाहीरपणे उभे राहिले आणि १९६५ मध्ये त्यांचं सरकारी सल्लागारपद गेलं. सप्टेंबर २००२ मध्ये इराकवरचं युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही, अशी जाहिरात ३३ अभ्यासकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दिली. त्यांत वॉल्ट्झ होते, जॉन मिअरशायमरही होते. हित कशात आहे हे सरकारच सांगेल, असं या माणसांनी कधी मानलं नाही.

आपल्याकडे मात्र तसं होत नाही. युक्रेनवरच्या रशियाच्या हल्ल्याचा निषेध करणारा ठराव २ मार्च २०२२ रोजी आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. त्यामागची कारणं मला समजतात: शस्त्रांसाठीचं अवलंबित्व, चीनची सीमा, आणि १९७१ ची आठवणही. पण ती कारणं सांगून झाल्यावर तो निर्णय योग्य होता का, हा प्रश्न तसाच उरतो, आणि आपल्या बहुतेक चर्चांनी तो विचारलाच नाही.

विषय शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. ढाक्याची ती तार आता गोपनीय राहिलेली नाही. इंटरनेटवर ती कुणालाही वाचता येते. वॉल्ट्झ शिकवून झाले की पुढच्या तासाला ती मराठीत समजावून वर्गात वाचा, आणि तिच्यावर सही करणाऱ्यांना देशाचं हित कळत नव्हतं का, हे मुलांना लिहायला सांगा.